सात बोअर, दोन इंच पाणी

बांधकोऱ्या

गेल्या महिन्यात गावी जाऊन आलो. गाव आष्टी तालुक्यात, जिल्हा बीड. शेती थोरला भाऊ बघतो, मी पुण्यात नोकरीला. दादा हिशेब वहीत लिहीत नाही, कालदर्शिकेच्या पानामागे लिहितो. दूध, मजुरी, खत, सोसायटीचा हप्ता, सगळं तिथेच. ट्रंकेत २००३ पासूनच्या कालदर्शिका निघाल्या. म्हटलं, चला, आज बोअरचा हिशेब लावू. दुपारभर बसून लावला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

एकूण सात बोअर. पहिला २००४ चा, १८० फुटांवर दोन इंच पाणी. शेवटचा २०१९ चा, ७२० फूट खाली गेला आणि नुसता फुफाटा उडाला. सातातले तीन पहिल्यापासून कोरडे, दोन नंतर आटले, दोन चालू आहेत. त्या दोघांचं मिळून पाणी किती? दोन इंच. तेही दिवाळीपर्यंत, पुढे गुळण्या टाकतात. खोदाई, केसिंग, मोटर, केबल, पाइप, दोनदा मोटर आत अडकून तिथेच राहिली ते पैसे, असं सगळं धरून नऊ लाख चाळीस हजार. व्याज धरलेलं नाही, ते धरायची हिंमत झाली नाही. म्हणजे पंधरा वर्षांत साडेनऊ लाख घालून आम्ही जिथे होतो तिथेच आहोत, फक्त पाचशे फूट खाली.

आता खरा प्रश्न. २०१२ च्या दुष्काळात चुलतभावानं बांधाला लागून साडेतीनशे फुटांचा बोअर मारला. आठ दिवसांत आमचा पहिला बोअर आटला, विहिरीनंही तळ गाठला. मग आम्ही ४२० फूट गेलो. त्याचं पाणी तुटलं. मग तो ५५०. त्यानं आमचं पाणी घेतलं, आम्ही त्याचं घेतलं, आणि पैसे दोघांनीही तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेहून आलेल्या त्या बोअरच्या गाडीवाल्याला दिले. माझं म्हणणं असं की आमच्या साडेनऊ लाखांतले निदान निम्मे पाण्यासाठी गेलेच नाहीत, ते शेजाऱ्याच्या बोअरला उत्तर म्हणून गेले. हा खर्च कुणाच्या नावे टाकायचा? इथे अर्थशास्त्रवाले आहेत, भूगर्भवाले आहेत, उसवाले तर आहेतच. सांगा.

टवाळपोपट

पाणाड्याची दक्षिणा धरली का?

बांधकोऱ्या

धरली. दर खेपेला अकराशे आणि नारळ वेगळा. तळहातावर नारळ ताठ उभा राहिलेल्या जागांपैकी तीन कोरड्या, हे वर लिहिलंय. दादाचं म्हणणं, त्या दिवशी अमावास्या होती.

काळापाषाण

बांधकोऱ्या, तुमच्या कालदर्शिका म्हणजे सोनं आहे, टाकू नका. खडकाबद्दल थोडं लिहितो.

राज्याचा जवळजवळ ८० टक्के भाग बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक. वर माती, मुरूम, कुजका खडक, मग भेगाळलेला भाग, त्याखाली घट्ट काळा पाषाण. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा, बोअर मारताना अचानक तांबडा गाळ येतो तो हाच. पावसाचं पाणी दरवर्षी खरं भरतं ते वरच्या पन्नास-साठ फुटांत. म्हणून आजोबांच्या विहिरी तेवढ्याच खोल होत्या. त्यांना भूशास्त्र येत नव्हतं, पण त्याखाली खणून मजुरी फुकट जाते एवढं पक्कं ठाऊक होतं. खाली पाषाणात पाणी फक्त फटींत असतं, आणि ती फट भरायला किती पावसाळे लागले असतील हे तुम्हीआम्ही मोजू शकत नाही. वरचं पाणी म्हणजे पगार. खालचं म्हणजे वडिलोपार्जित ठेव, आणि तीसुद्धा मोठी नाही. पंजाबसारखी गाळाची जमीन नव्हे आपली, की कितीही खोल गेलं तरी वाळू आणि पाणी.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. खोल बोअर खालचं पाणी वर आणतो तसा वरचं पाणी खालीही सोडतो. केसिंग घातलेलं असतं वरच्या वीस-तीस फुटांपुरतं. त्याखाली उघडं भोक. विहिरीला मिळणारा पाझर त्या भोकातून खाली गळतो. रात्री मोटर बंद असताना बोअरच्या तोंडाला कान लावा, आत पाणी पडल्याचा आवाज येतो. तुमची विहीर आठ दिवसांत का आटली त्याचं उत्तर त्या आवाजात आहे. आणि तुमचेही तीन कोरडे बोअर बुजवलेले नसतील, तर तेही हेच करताहेत. तुमच्याच विहिरीला.

बांधकोऱ्या

बुजवलेले नाहीत. एकावर दगड ठेवलाय, दोन तसेच. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

लातूरची_लेक

ती दोन तोंडं आजच्या आज बंद करा. लहान मुलं पडतात त्यात. बाकी चर्चा नंतर.

उधारखाते

अर्थशास्त्र शिकवून पोट भरतो, म्हणून उत्तर द्यायला हवं.

तुमच्या चुलतभावानं बोअर मारताना स्वतःचा हिशेब बरोबरच केला होता. खोदाई एवढी, मोटर एवढी, पीक एवढं येईल. त्या हिशेबात तुमची आटलेली विहीर नव्हती, कारण तिचे पैसे त्याला भरायचे नव्हते. तुम्ही ४२० फूट गेलात तेव्हा तुमच्याही हिशेबात तो नव्हता. याला पुस्तकात बाह्य खर्च म्हणतात. गावाच्या भाषेत, लग्न एकाचं आणि कर्ज दुसऱ्याचं. फरक एवढाच की इथे दोघंही एकमेकांचं कर्ज फेडताहेत आणि दोघांनाही ते दैव वाटतंय.

कायदा काय म्हणतो तर १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे, इंग्रजांच्या वेळचा. त्यातून आलेली समजूत अशी की ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. जणू पाणी सातबारा वाचून बांधापाशी थांबतं. यात भूमिहीनाचा वाटा शून्य, आणि ज्याची मोटर मोठी त्याचा वाटा मोठा. पुढे १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरांत नवी विहीर नको असा कायदा राज्यानं केला. मग भूजलाचा २००९ चा कायदा, जो लागू व्हायला २०१४ उजाडलं. त्यात शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरांपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फूट. तुमच्या सातांतला कायद्यात बसणारा बोअर फक्त पहिला, १८० फुटांचा.

आणखी एक गंमत बघा, गंमत म्हणायची आपली. तुमचे नऊ लाख चाळीस हजार देशाच्या उत्पन्नात जमा आहेत. गाडीवाल्याची मिळकत, मोटर बनवणाऱ्याची विक्री, बँकेचं व्याज, सगळं जीडीपीत अधिक. पाणी पाचशे फूट खाली गेलं ते कुठेही वजा नाही. २०१३ मध्ये पार्थ दासगुप्तांच्या तज्ज्ञगटानं केंद्राला सांगितलं होतं की नैसर्गिक संपत्तीची घट हिशेबात धरायला शिका. अजून कोरड्या बोअरनंही अर्थव्यवस्था वाढतेच आहे.

आडसाली

झालं? आता उसाला शिव्या सुरू होतील, त्याआधी मीच लिहितो. माझा सहा एकर ऊस आहे. लाज वगैरे वाटत नाही.

उसाला २०२५-२६ साठी एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर, ३५५ रुपये क्विंटल, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला. कारखाना तोडून नेतो. चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, पाळत नाहीत, पण उशिरा का होईना येतात. आता दुसरी पिकं बघा. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४८९२, बाजारात विकलं चार हजाराच्या आसपास. कांदा लावला तर ८ डिसेंबर २०२३ ला एका रात्रीत निर्यातबंदी, माझ्या मेहुण्याचा कांदा चाळीत सडला. तुरीला भाव आला की बाहेरून तूर येते. मग मी काय लावू? उसाला पाणी लागतं हे मला शिकवू नका, रात्री दोनला दारं धरायला मी जातो, तुम्ही नाही. पाणी वाचवून मला कुणी काय देतंय? वाचवलेलं पाणी शेजाऱ्याच्या बोअरला जाणार, हे वरच लिहिलंय की तुम्ही लोकांनी.

उधारखाते

तुमचं शेवटचं वाक्य मी वर्गात वापरणार आहे, परवानगी द्या. चेष्टा नाही. सगळं दुखणं तिथेच आहे.

आडसाली

वापरा. फी पाठवा.

लातूरची_लेक

आडसाली, शिव्या देत नाही, फक्त एक गुणाकार करते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. आम्ही तेव्हा घरात सात माणसं, दोन टाक्या, आंघोळीचं पाणी संडासाला. रेल्वे बघायला लोक स्टेशनवर हारफुलं घेऊन गेले होते. देशभर बातमी झाली.

आता ऊस. वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाणी धरा, दीड वर्षाच्या आडसाली उसाला त्याहून जास्त. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. यातलं काही पावसातून येतं हे मान्य, पण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. दोन कोटी भागिले २५ लाख, उत्तर आठ. एका हेक्टर उसाला वर्षाला आठ अख्ख्या रेल्वेगाड्या. त्या उसाच्या गाड्या आमच्याच जिल्ह्यात जमिनीखालून धावत होत्या, त्यांना कुणी हार घातला नाही. साखर पोत्यात भरून बाहेर गेली म्हणजे पाणीच बाहेर गेलं.

फेजवाला

वीज खात्यात तीस वर्षं काढली, आता निवृत्त. तुम्ही सगळे पाण्यावर बोलताय, स्टार्टरवर कुणी बोलत नाही.

कृषिपंपाला पुष्कळ ठिकाणी आकार हॉर्सपॉवरवर असायचा. पाच हॉर्सची मोटर एक तास चालवा नाहीतर रात्रभर, बिल तेच. त्यात थ्री फेज लाईट कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. मग शेतकऱ्यानं काय केलं, स्टार्टरला ऑटो बसवला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, गेली की बंद. माणूस घरी झोपलेला. मी कितीदा पहाटे डीपीवर फ्यूज टाकायला गेलो आणि पाहिलं, पाणी सऱ्या भरून, बांध फोडून रस्त्यावर वाहतंय. मालकाला उठवून सांगितलं तर म्हणायचा, राहू द्या साहेब, लाईट परत कधी येईल कुणी सांगावं. त्याचंही चूक नव्हतं.

जुलै २०२४ मध्ये साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत वीज पूर्ण मोफत झाली, मार्च २०२९ पर्यंत. आणि आता सौरपंप. दिवसा वीज मिळते, साप-विंचवाचं भय गेलं, हे मोठंच सुख, मी त्याच्या विरोधात नाही. पण ऊन आहे तोवर मोटर चालवायला पैसाही नाही आणि भारनियमनही नाही. पूर्वी निदान लाईट जायची तेवढा वेळ विहीर श्वास घ्यायची.

चिंचवडकर_काका

उपाय सोपा आहे. मीटर लावा, युनिटप्रमाणे पैसे घ्या, ठिबक सक्तीचं करा. पाणी आपोआप वाचेल.

उधारखाते

काका, ठिबकनं एकरी पाणी वाचतं, शंकाच नाही. पण वाचलेल्या पाण्याचं पुढे काय होतं ते गावात जाऊन बघा. चार एकर ऊस होता तो सहा एकर होतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सनं १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं, इंजिनं काटकसरी झाली आणि कोळसा जास्त जळायला लागला. एकूण किती उपसायचं याची मर्यादा नसेल तर काटकसर म्हणजे विस्ताराचं भांडवल. आणि मीटर म्हणाल तर, लावायला गेलेल्या माणसाचं काय होतं ते फेजवाल्यांनाच विचारा.

फेजवाला

चहा देतात आणि मीटर जळतो.

काळापाषाण

शेततळ्याचंही तेच. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरण्यासाठी ही कल्पना होती. आता प्लास्टिक अंथरून बोअरनं भरतात, म्हणजे सावलीतलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं. मार्च ते मे दीड-दोन हात पाणी वाफ होऊन जातं. पण फळबागवाल्याला विचारा, तो म्हणेल, जमिनीत ठेवलं तर दुसरा नेईल, तळ्यात आहे ते माझं. वाफ गेली तरी परवडते, शेजाऱ्याला गेलेलं परवडत नाही. आडसालींचं वाक्य इथेही लागू.

नगरी_खाक्या

हिवरे बाजार अजून कुणी लिहिलं नाही? आश्चर्य आहे.

टवाळपोपट

घ्या, आलंच. पाण्याच्या धाग्यात हिवरे बाजार आणि क्रिकेटच्या धाग्यात गावसकर.

नगरी_खाक्या

हसा. मी तिथून वीस किलोमीटरवर राहतो. लोक तिथे जाऊन बंधारे आणि चर बघून फोटो काढून येतात. बंधारे सगळीकडेच आहेत, आमच्याही गावात नऊ आहेत, गाळानं भरलेले. फरक बंधाऱ्यात नाही, ग्रामसभेत आहे. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात तिथे शेतीसाठी बोअरवर बंदी आली, ऊस आणि केळीवर बंदी आली. दरवर्षी पाऊस मोजतात, किती मुरलं असेल त्याचा अंदाज बांधतात, पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढतात, मग उरलेल्यात रब्बीला काय आणि किती लावायचं ते ठरतं. पाऊस कमी तर पेरा कमी. जमाखर्चच तो.

आणि त्याच्याही आधी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे. ७२ च्या दुष्काळानंतर आलेला इंजिनिअर माणूस, देवस्थानाची पडीक जमीन घेऊन तिथे राहिला. पाणी पंचायतीचा नियम काय होता तर पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ऊस नाही. १८८२ चा कायदा त्या माणसानं गावपातळीवर उलटा करून दाखवला होता.

आडसाली

मान्य. पण पन्नास वर्षांत अशी गावं किती झाली? बोटांवर. कारण प्रत्येक गावाला एक पोपटराव मिळत नाही. आमच्याकडे ग्रामसभेला कोरम होत नाही आणि झाला तर हाणामारी होते.

उधारखाते

एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ चं नोबेल याच विषयावर मिळालं. जगभरातली कुरणं, मासेमारी, पाटपाणी बघून त्यांनी दाखवलं की सामायिक संपत्ती सांभाळायला दरवेळी सरकार किंवा मालकच लागतो असं नाही, लोक आपसांत नियम करतात आणि पाळतात. आपल्याकडे धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे पाटाचं पाणी गावानं वाटून घ्यायची रीत, शतकं चालली. पण त्यांच्या अटी वाचा: कोण वाटेकरी हे ठरलेलं हवं, किती घेतलं ते दिसायला हवं, मोडणाऱ्याला आधी लहान मग मोठा दंड हवा. पाटाचं पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून ते वाटून देणारा पाटकरी चालला. बोअरचं दिसत नाही. माझ्या मते पोपटराव नसलेल्या गावानं पहिलं काम दिसण्याचं करावं. आंध्रात शेतकऱ्यांनी स्वतः विहिरींची पातळी मोजून भिंतीवर लिहायला सुरुवात केली होती. बंदी नाही, दंड नाही, फक्त आकडा. आकडा बघून काहींनी भात सोडला.

फ्रेस्नोकर

कॅलिफोर्नियातून लिहितोय, मध्य खोऱ्यात राहतो. इथे बदामाच्या बागा आहेत, उसाऐवजी. बाकी गोष्ट तुमचीच. इतकं उपसलं की जमीन काही ठिकाणी मीटरच्या मीटर खचली, कालव्यांचा उतार बिघडला. २०१४ मध्ये कायदा आला, उपसा आणि भरणा जुळवायची मुदत २०४० च्या पुढेमागे. कोर्टकचेऱ्या चालू आहेत. श्रीमंत देशात हे सोपं झालं असेल असं कुणी समजू नये, म्हणून लिहिलं.

सोसायटीसचिव

बांधकोऱ्या, पुण्यात राहता ना? तुमच्या सोसायटीत किती बोअर आहेत आणि उन्हाळ्यात टँकर किती? तो टँकर कुठल्या गावच्या विहिरीवर भरतो? आणि बिल कसं वाटता? आमच्याकडे फ्लॅटमागे समान. दोन म्हाताऱ्यांचं घर आणि सहा माणसं, दोन गाड्या रोज धुणारं घर, दोघांना एकच रक्कम. मी नळाला मीटर लावायचा ठराव आणला तर सभेत लोक अंगावर आले. त्यात दोन जण इथेच शेतकऱ्यांना मीटर लावा म्हणून लिहितात. नाव घेत नाही, काका.

चिंचवडकर_काका

आमच्या सभेतला विषय इथे आणायची गरज नव्हती.

बांधकोऱ्या

सचिवसाहेब, तीन बोअर. एप्रिलमध्ये रोज सहा टँकर. बिल फ्लॅटमागे समान. लागलं ते बरोबर जागी लागलं.

उशिरा लिहितोय कारण मध्ये पुन्हा गावी जाऊन आलो. काळापाषाण यांचं ऐकून तिन्ही कोरडे बोअर बुजवले, खाली बारीक खडी आणि चिकणमाती, वर सिमेंट. दिवसभर गेला. चुलतभाऊ बांधावर उभा राहून बघत होता. दुपारनंतर स्वतःच घमेलं घेऊन आला. बोलणं चौदा वर्षांत पहिल्यांदाच नीट झालं, आणि तेही बोअर या विषयावर. कालदर्शिका दाखवल्या. तो म्हणाला, माझं अकरा लाखांच्या वर गेलं असेल, मी लिहून ठेवलं नाही एवढंच. दोघांचा ऑटो काढायचं ठरलं. नवा बोअर मारायचा नाही असं मीही म्हणालो नाही आणि तोही नाही. पलीकडच्या बांधावरच्याला विचारलं तर त्यानं गाडीला आगाऊ रक्कम दिलेली आहे, पुढच्या आठवड्यात येतेय.

शनिवारी वहिनीनं सुताच्या दोरीला हात-हातावर गाठी मारल्या, टोकाला वजन बांधलं आणि विहिरीत सोडली. एकतीस फूट. दाराच्या आतल्या बाजूला खडूनं तारीख टाकून लिहिलं. मी विचारलं, मग हे बरं की वाईट? ती म्हणाली, गेल्या वर्षी मोजलंच नव्हतं कुणी, आता कशाशी ताडू?